मशीनच्या पेट्यांची जमीन

आबा सातव्या मजल्यावर पडले, आणि तरीही स्वतःच्याच रानात पडले. असं पडणं फक्त आमच्या चिखलीत जमतं. जिथं आज आमचा टॉवर आहे तिथं आमचं कांद्याचं रान होतं. रान बिल्डरला दिलं, बदल्यात फ्लॅट आला. हॉलच्या मधोमध उभं राहून ओळंबा सोडला, तर तो खालची सहा घरं आणि दोन पार्किंग भेदून बरोबर आमच्या बुजवलेल्या विहिरीत जाईल. मी सोडून बघितलेला नाही. सोसायटीची परवानगी लागते.

आबा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे. नक्की विचारू नका, शाळेच्या मास्तरांनी तारीख चेहरा बघून टाकलेली आहे. माघातल्या एका सकाळी बायकोनं फरशी पुसली होती. फरशी म्हणजे ती बिल्डरनं दिलेली व्हिट्रिफाइड, पांढरी, इतकी चकचकीत की तिच्यात वरच्या पंख्याची पाती मोजता यावीत. आबा चहाचा कप ठेवायला उठले आणि घसरले. सोफ्यापासून निघाले ते टीव्हीच्या टेबलाला वळसा घालून थेट देवघरापाशी थांबले. बायको म्हणते, दोन फूट. ती शाळेत गणित शिकवते. तिला अंतर कळतं, प्रसंगाचा आवाका कळत नाही.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. सळईचं माप मी डॉक्टरांना विचारून घेतलं आणि ती मनातल्या मनात पासही केली. दीड महिन्यानं डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय. आता यांना रोज चालवा. हे वर्ष असंच खाटेवर गेलं, तर पाय कायमचे जातील. मग माझ्याकडं येऊन उपयोग नाही."

मी वॉकर आणला. आबांनी तो खाटेपाशी उभा करून त्यावर टॉवेल वाळत घातला.

"आबा, उठा. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना?"

"ऐकलं. त्या आरशावर मी पुन्यांदा पाय ठेवनार न्हाई."

सतरंज्या अंथरल्या. त्या आबांच्याही आधी घसरायच्या. रबराच्या चटया आणल्या, तर आबांना त्यांच्या वासानं मळमळायला लागलं. खालून ठिपके असलेले मोजे आणले. आबांनी ते हातात घेऊन उलटसुलट केले आणि विचारलं, "मोजं घालून बैल चालल्याला बघितलाय का तू कदी?"

"मग तुम्हीच सांगा, कशावर चालाल?"

आबांनी मोजे माझ्या हातात परत दिले. मग म्हणाले, "चाकणच्या बाजाराला कांदा न्यायचो. बैलगाडीच्या फळीवर हुबा ऱ्हाऊन. वढ्यात गाडी आडवी व्हायची, पर पाय कदी सुटला न्हाई. लाकूड पायाला धरतंय. ही फरशी ढकलती."

"म्हणजे लाकडाची जमीन केली तर चालाल?"

"चालंन की."

ते हे बोलले ते मी पुन्हा गप्प बसावं म्हणून. पण मी सव्वीस वर्षं कंपनीत काढलेला माणूस. समोरच्यानं तोंडानं दिलेली ऑर्डरसुद्धा आमच्यात पक्की धरतात. मी त्याच मिनिटाला ठरवलं: ह्या हॉलमध्ये खाटेपासून गॅलरीपर्यंत लाकूड टाकायचं आणि आबांना गॅलरीत नेऊन उभं करायचं. मग कुणी काहीही म्हणो.

दुकानातली लाकडी दिसणारी जमीन आधी बघून आलो. एक तुकडा आबांना दाखवला. त्यांनी नखानं खरवडला. "ह्यो कागद हाय," म्हणाले, आणि परत दिला. सागवानाचं नाव काढलं तर बायकोनं भावाचा हिशेब मांडून दाखवला. मग मला आमच्या पेट्या आठवल्या.

मी चाकणच्या एका कंपनीत तपासणीला आहे. एका केसाचे उभे दहा तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याइतकी चूक आमच्याकडं गुन्हा समजतात, आणि तो गुन्हा पकडणारा फौजदार मी. त्या महिन्यात परदेशातून नवी मशीनं आली होती. मशीन येतं ते पाइनच्या लाकडाच्या पेटीत. एकेक पेटी एवढी मोठी, की तीत एक कुटुंब भाड्यानं राहिलं असतं आणि वर पोटभाडेकरू ठेवला असता. मशीन बाहेर निघालं की पेटीकडं कुणी बघत नाही. फोडतात आणि भंगाराच्या टेम्पोत टाकतात. ती फळी मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतली. सात समुद्र ओलांडून आलेलं लाकूड, सरळ, दीड बोट जाड, आणि त्याला राळेचा असा वास की नाकातलं चाकण निघून गेलं.

कंपनीतून कामगारानं लाकूड न्यायचं नाही असा नियम. ते भंगारवाल्यालाच जातं. भंगारवाला कुठला? चिखलीचा. म्हणजे माझंच लाकूड माझ्याच गावाला चाललं होतं आणि मी मधे उभा होतो. मग मी शिफ्ट सुटल्यावर मोटारसायकलवरून त्या टेम्पोचा पाठलाग केला. पाठलाग चाकणच्या चौकात सुरू झाला आणि तासभर चाकणच्या चौकातच चालला, कारण काहीच हलत नव्हतं. त्या वेळात टेम्पोवाल्यानं आणि मी दोनदा चहा घेतला. मोशीपर्यंत आमची इतकी ओळख झाली की तो म्हणाला, "भावा, माझ्या मागं कशाला येतोस, पुढं हो, तुला गोडाऊन ठाऊक आहे." मी पुढं झालो. माझ्या माहितीत, ज्याचा पाठलाग करायचा त्याच्या आधी पोचलेला माणूस मी एकटाच.

फळ्यांचे पैसे भंगारवाल्याला मोजले. गोडाऊनला लागूनच एका मिस्त्रींचं पत्र्याचं शेड होतं. लातूरकडचे, साठीचे, कानावर पेन्सिल. त्यांचा सगळा जन्म अशाच पेट्या मोडण्यात आणि जोडण्यात गेलेला. त्यांना मी आबांची गोष्ट सांगितली. त्यांनी लगेच टेम्पोतल्या फळ्या उलट्यापालट्या करायला सुरुवात केली. प्रत्येक फळीवरचा शिक्का बघायचे आणि डावीकडं किंवा उजवीकडं टाकायचे.

"काय करायलात मिस्त्री?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"एचटी असलं तर भट्टीत शेकलेलं. घरात चालतंय. एमबी असलं तर किड्यामुंग्या मारायला विषाच्या धुरात ठिवलेलं. ते चुलीत बी घालू नका, जमिनीला तर अजिबात न्हाई."

सव्वीस वर्षं मी त्या पेट्यांच्या आतलं मायक्रॉनमध्ये मोजत आलो, आणि पेटीवर काय लिहिलंय ते मला पत्र्याच्या शेडमध्ये कळलं. हे मी तेव्हा कबूल केलं नाही. "बरोबर आहे," असं म्हणून मान हलवली, जणू परीक्षाच घेत होतो.

पुढचे सगळे गुरुवार, म्हणजे आमची साप्ताहिक सुट्टी, मी त्या शेडमध्ये खिळे उपटत काढले. परदेशी खिळा हा वेगळाच प्राणी आहे. त्याला अंगभर वेटोळी असतात, आणि तो लाकडातून निघताना असा किंचाळतो की शेजारच्या वर्कशॉपमधली माणसं कुणाला लागलं बघायला धावत यायची. मी इतके खिळे उपटले की त्यात आणखी एक मशीन झालं असतं. मिस्त्रींनी फळ्या रंध्यातून काढल्या, कडेला खाचा पाडल्या, जवसाचं तेल पाजलं. पेटी सांभाळून न्या असं सांगणारे छत्री, काचेचा पेला, बाण असले छापे ज्या फळ्यांवर होते, त्यातल्या काही मी रंध्याखाली जाऊ दिल्या नाहीत. माझ्या डोक्यात एक योजना होती.

मग फळ्या सातव्या मजल्यावर चढवल्या. त्या लिफ्टमध्ये मावल्या नाहीत. जिना चढताना माझा जो काही अवतार झाला तो मी सांगत नाही. पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी मला लिंबूपाणी देऊन कुठल्या मजल्यावर कुरियर आहे म्हणून विचारलं, एवढंच सांगतो.

फरशीवर रिपा, म्हणजे लाकडाच्या अरुंद पट्ट्या टाकल्या, त्यावर फळ्या बसवायच्या. मिस्त्री पहिली फळी घेऊन भिंतीपाशी बसले आणि म्हणाले, "साहेब, भिंतीपाशी बोटभर जागा सोडायची. चारी अंगानं."

"बोटभर म्हणजे किती?"

"बोटभर म्हंजे बोटभर."

"कुणाचं बोट? तुमचं, माझं, का आमच्या हिचं?"

"ऐका की साहेब. लाकूड हाय ते. पावसाळ्यात फुगतंय. त्याला अंग टाकायला जागा लागती."

आता माझी अडचण समजून घ्या. ज्या माणसाच्या हातून सव्वीस वर्षांत एक फट पास झाली नाही, त्याला तुम्ही सांगता की स्वतःच्या घरात चारी बाजूंनी फट ठेव, आणि तीही बोटानं मोजून. मी खिशातून व्हर्नियर काढलं. मिस्त्रींना दाखवलं, की ह्याच्यावर मिलिमीटरचा पन्नासावा भाग दिसतो. मिस्त्रींनी ते हातात घेतलं, वाहवा केली, परत दिलं.

"चांगलं हाय. पर लाकडाला वाचाय येतंय का हे?"

बायको स्वयंपाकघरातून फसकन हसली. तिथंच माझं डोकं गेलं. मी म्हणालो, "मिस्त्री, राहू द्या. बसवायचं काम मी करतो."

"तुमचं घर, तुमची मर्जी," असं म्हणून त्यांनी पटाशी, करवत पिशवीत घातली आणि गेले. रागानं गेले नाहीत. जो माणूस पुन्हा येणार असतो तो जसा जातो तसे गेले.

मी बसवली. काय बसवली! फळीला फळी अशी भिडवली की मुंगीनं अर्ज केला असता तरी आत जागा मिळाली नसती. शेवटची फळी जाईना. तर मी गाडीचा जॅक आणला, एक तोंड भिंतीला आणि एक फळीला लावलं आणि पिळून पिळून तिला आत बसवली. भिंतीनं जरा आवाज केला. दारं नव्या जमिनीवर घासायला लागली, ती खालून कापली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आबांचा पाय अडखळू नये म्हणून उतरती पट्टी केली. कंपनीतले दोघं मित्र बघायला आले. एकानं फीलर गेजचं सगळ्यात पातळ पातं काढून फटीत घालून बघितलं. गेलं नाही. "राव, सलाम," म्हणाला. तो दिवस माझ्या लग्नापेक्षा चांगला गेला. हे बायकोला माहीत आहे.

आबा खाटेवरून सगळं बघत होते. जॅक लावला तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. मला वाटलं, कौतुक.

मग माझी योजना. बाणाचे छापे असलेल्या फळ्या मी मुद्दाम अशा टाकल्या होत्या, की सगळे बाण खाटेपासून गॅलरीकडं जात होते. आबांनी ते बघितले.

"ह्यो बाण कुटं चाललाय?"

"गॅलरीत, आबा."

"मग जाऊ दे की त्याला. माझं काय काम त्याच्यासंगं?"

पण पाय खाली सोडला. आधी अंगठा टेकवला. मग टाच. बोटं पसरून फळी चाचपली.  वॉकरवरचा टॉवेल त्यांनी स्वतः बाजूला काढला आणि उभे राहिले. पहिल्या दिवशी पहिल्या बाणापर्यंत गेले. आठवड्यानं काचेच्या पेल्यापर्यंत. ज्येष्ठ सरेपर्यंत छत्रीपर्यंत पोचले, आणि तिथं थांबून विचारलं, "हितं छत्री कशापायी काढली?"

"भिजू देऊ नका असा अर्थ आहे त्याचा."

"अस्सं," आबा म्हणाले, आणि माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.

छत्रीच्या पुढं चार पावलांवर गॅलरी होती.

आषाढ लागला. आमच्याकडं पाऊस पडतो त्यापेक्षा हवाच जास्त भिजते. घरातलं मीठ पाझरायला लागलं, पापड वाकले, कपाटाची दारं फुगून बंद होईनात. जमीन कुरकुरायला लागली. मी बायकोला म्हणालो, "नव्या वहाणा पण कुरकुरतात." ती म्हणाली, "अहो, नव्या वहाणा उंच होत नाहीत." तिनं कंपासपेटीतली पट्टी आणून दाखवली. हॉलच्या मध्यभागी जमीन बोटभर वर आलेली होती. मला ते बोट ओळखीचं वाटलं. पण मी म्हणालो, पट्टी वाकडी असेल.

पुढच्या गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर आबा वॉकर घेऊन निघाले. त्या दिवशी गॅलरीत जायचंच असं त्यांनी सकाळी स्वतःहून सांगितलं होतं. ते छत्रीवर पोचले, आणि जमीन फुटली. तोफेसारखा आवाज झाला. खालच्या मजल्यावरचे शेजारी सिलिंडर फुटला समजून मुलं घेऊन जिन्यात पळाले. आमच्या हॉलच्या मधोमध फळ्यांचा उंट उठून बसला होता, आणि उंटाच्या अलीकडं आबा वॉकरला दोन्ही हातांनी धरून उभे होते.

ते पडले नाहीत. इथं मी काही वाढवून सांगत नाही. पडले असते तर बरं, असं वाटावं इतका त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "खुर्ची आन." खुर्चीसकट त्यांना खाटेवर नेलं. त्यांनी वॉकरवर टॉवेल टाकला.

"आबा, मी दुरुस्त करतो."

"काय नगं. झालं माझं चालनं. जिमिनीनं बी टाकलं मला."

मग भिंतीकडं तोंड केलं.

मी त्या उंटासमोर बसून राहिलो. माणसाला आपली चूक कळते तेव्हा ती एवढी उंच असावी असं नाही, पण माझी होती. डॉक्टरांनी सांगितलेल्या वर्षातले आता मोजके महिने उरले होते, आणि आबांचा विश्वास मी जॅक लावून मोडला होता. तिथंच ठरवलं. सगळी जमीन उचकायची, पुन्हा टाकायची, दहादा टाकावी लागली तरी टाकायची. आणि आधी जाऊन नाक घासायचं.

दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून मिस्त्रींच्या शेडवर गेलो. ते एक पेटी ठोकत होते. वर न बघता म्हणाले, "फुगली का?"

"फुगली."

"किती?"

मी हातानं दाखवलं. नेहमीप्रमाणं वाढवून दाखवलं नाही, तरी मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. "आबा?"

"पडले नाहीत. पण उठत नाहीत."

मिस्त्री उठले, पिशवी घेतली. "येतो. पर एक अट. ते तुमचं यंत्र बाईसाहेबांजवळ द्यायचं."

व्हर्नियर बायकोनं डाळीच्या डब्यात ठेवलं. कुठल्या डाळीच्या, ते आजही मला सांगितलेलं नाही.

आम्ही सगळं उचकलं. फळ्या हॉलमध्येच आडव्या-उभ्या रचल्या, मधे हवा जाईल अशा. मिस्त्री म्हणाले, "आठ-धा दिवस हितंच राहू द्या. घराची हवा पिऊ द्या त्याला. मग बसवू." घरात चालायला वाट उरली नाही. बायको फळ्यांच्या बोळातून वह्या तपासत फिरायची.

त्या आठ-दहा दिवसांत एकदा मिस्त्री फळ्या बघायला आले. मी त्यांना विचारत होतो, लाकूड इतकं फुगतं कसं. खाटेवरून, भिंतीकडं तोंड केलेल्या आबांचा आवाज आला.

"आरं, चाकाचं ठावं न्हाई का तुला?"

आम्ही दोघं वळलो.

"उन्हाळ्यात गाडीचं चाक सुकायचं. लोखंडाची धाव सैल व्हायची, वाटंतच निसटायची. मग चाक काढून इंद्रायणीत ठेवायचं, दोन दीस. लाकूड पानी पितंय. आसं फुगतंय, की घन घातला तरी धाव निगायची न्हाई. आख्ख्या गावाची चाकं नदीत असायची."

मिस्त्री म्हणाले, "आमच्याकडं बी तसंच."

मी खाटेपाशी गेलो. "आबा, म्हणजे ही जमीन फुगणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मी जॅक लावत होतो तेव्हा?"

"तवाच."

"मग बोललात का नाही?"

आता ते माझ्याकडं वळले. "तू इचारलंस का? मिस्त्रीनं सांगितलं, त्याला हाकललास. मी म्हनलं, लेक साहेब हाय, मशिनीतला हाय, त्याला ठावं आसंल. मला खाटंवरच्याला कोन इचारतंय."

बायको वह्यांवरून मान वर न करता म्हणाली, "बरोबर आहे आबांचं." एरवी मी उलट उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मी खाटेच्या कडेवर बसलो आणि विचारलं, "आबा, भिंतीपाशी किती जागा सोडू?"

त्यांनी उजव्या हाताची करंगळी वर केली. आयुष्यभर कासरा धरलेली, बायकोच्या अंगठ्याएवढी करंगळी. "येवडी."

मिस्त्री म्हणाले, "बोटभर. मी काय म्हनलो होतो?"

आबांची करंगळी पेन्सिलीनं एका फळकुटावर उतरवून घेतली. मिस्त्रींनी तेवढ्या जाडीचे ठोकळे कापले, भिंत आणि फळीच्या मधे ठेवायला. एक लांब पट्टीही कापली, कमरेएवढी, त्याच जाडीची. ती कशाला ते मला तेव्हा कळलं नाही. आबांनी मागितली होती.

श्रावणात जमीन पुन्हा बसली. एकेक फळी ठोकळे लावून, सैल हातानं. माझा जीव कासावीस व्हायचा. भिंतीच्या कडेनं सगळीकडं ती उघडी फट, जणू नापास माल शोरूममध्ये मांडलाय. मिस्त्री म्हणायचे, "वरून पट्टी बसली की दिसायची न्हाई." आणि मी, आता सांगूनच टाकतो, शेवटच्या कोपऱ्यात, गॅलरीच्या दाराशेजारी, मिस्त्री जेवायला बसले असताना दोन फळ्या भिंतीला टेकवल्या. घट्ट. दोनच. पट्टीखाली कोण बघणार होतं? हाताला बरं वाटलं.

मिस्त्री फट झाकायच्या पट्ट्या ठोकायला बसणार, तोच आबा म्हणाले, "थांबा. आदी मी बगनार."

"आबा, मी मोबाइलमध्ये फोटो काढून दाखवतो."

"फोटूत बोट जातंय का?"

"मग चाकाच्या खुर्चीतून नेतो."

"खुर्ची भिताडापासून हातभर लांब ऱ्हाती. मग फट काय तू बगनार? तुजं बगनं बगितलंय मी."

त्यांनी वॉकर ओढला, टॉवेल काढला, उभे राहिले. वॉकर भिंतीशी नेला, तर त्याचा पाय आधी भिंतीला टेकला आणि आबा लांबच राहिले. त्यांनी त्याच्याकडं तिरस्कारानं बघितलं आणि तो बाजूला सारला. डावा तळवा भिंतीला लावला, उजव्या हातात ती कमरेएवढी पट्टी घेतली, आणि फटीत घातली. गेली. पुढचं पाऊल टाकलं, पुन्हा घातली. गेली.

मी पुढं होणार होतो. बायकोनं मागून माझा शर्ट धरला. "अहो, गप्प. एक शब्द बोललात तर डाळ फेकून देईन, डब्यासकट."

आबा भिंत धरून चालले. पहिली भिंत झाली. कपाटापाशी थांबून कपाट सरकवायला लावलं, मागं पट्टी घातली. दुसरी भिंत. वाटेत मिस्त्रींना म्हणाले, "हितं जरा जास्त सोडलंय, पर चालंल." देवघरापाशी, जिथं ते घसरून थांबले होते (दोन फूट किंवा वीस, जे काय असेल ते), तिथं त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही. त्यांचं सगळं ध्यान फटीत होतं. तिसरी भिंत. आता गॅलरीचा कोपरा आला होता.

पट्टी टेकली. गेली नाही. आबांनी पुन्हा दाबली. सहा इंच पुढं सरकून दाबली.

"हितं जात न्हाई."

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

"आबा, दोनच फळ्या आहेत..."

"दोन आळ्यांनी आख्खी कांद्याची चाळ नासती. उचक."

"बरं, तुम्ही बसा, मी करतो."

बायको म्हणाली, "आबा, खुर्ची आणते."

"खुर्ची नगं. ह्यो उचकून कापूस्तवर मी हितनं हलनार न्हाई."

मग मी त्यांच्या पायाशी उकिडवा बसलो. स्क्रू काढले, फळ्या उचकल्या, पेन्सिलीची रेघ मारली, करवत चालवली. मिस्त्री म्हणतात पंधरा मिनिटं लागली. माझ्या हिशेबानं दुपार गेली. तेवढा वेळ आबा एक हात भिंतीला लावून माझ्या डोक्यावर उभे होते आणि वरून सांगत होते, "करवत सरळ धर," "रेघंच्या भाईर जातोय," "तपासनीस म्हनं." फळ्या बसल्या. त्यांनी पट्टी घातली. गेली.

"हां."

मग त्यांनी मान वर केली, तेव्हा समोर गॅलरी होती. तिथवर आल्याचं त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. त्यांनी कठड्यावर हात ठेवला, खाली सात मजले बघितलं, पार्किंगच्या एका कोपऱ्यावर बोट रोखलं. "हीर तितं व्हती. तू म्हनतोस तितं न्हवं. हॉलच्या खाली न्हाई, ह्या गॅलरीखाली."

म्हणजे मनातला ओळंबासुद्धा मी चुकीच्या जागी सोडत होतो.

बराच वेळ ते तिथं उभे राहिले, कुणाची गाडी वाकडी लावलीय ते सांगत. मग भिंत धरून खाटेकडं निघाले, चौथी भिंत तपासत. खाटेपाशी आले, पण बसले नाहीत. आतल्या खोलीच्या दारातून वाकून बघितलं. तिथं अजून तीच पांढरी फरशी होती, आणि तिच्यात पंख्याचं पातं दिसत होतं.

आबांनी पट्टी माझ्या हातात दिली.

"गुरवारी सुट्टी हाय न्हवं तुला?"